फटाक्यांची रात्र आणि उघडा नळ

सोमवार, २४ जून

अजून एक आठवडा अवकाश आहे, आणि आजच आरंभ! ऑस्ट्रेलियाच्या या डार्विन शहरात वर्षातून एकच सायंकाळ फटाक्यांना परवानगी – एक जुलै, सहा ते अकरा. मग आज भर दुपारी तीन वाजता बॉम्ब कशासाठी? माझ्या पत्नीच्या, थेमेलिनाच्या हातून कॉफीचा कप पडला. तुकडे तिने स्वतःच गोळा केले. मला हात लावू दिला नाही.

शेजारच्या साकेलारिसचे काम. मागच्या वर्षीचा उरलेला माल!

बुधवार, २६ जून

दरवर्षी एक जुलैला मी पत्नीला बोटीतून दूर समुद्रात नेतो. तिथून शहर म्हणजे काठावरची थोडी रंगीत धूळ – आवाज नाही. आम्ही पाव आणि ऑलिव्ह खातो, अकरा वाजले की परततो. यंदा डॉक्टरांनी बोट चालवण्यास मनाई केली आहे. डोळे! ज्याने समुद्राच्या तळावरून स्पंज काढले, त्याला एक पोरगेलासा डॉक्टर सांगतो, "आजोबा, आता किनाऱ्यावर बसायचं."

सबब साकेलारिसला विनंतीपत्र लिहिले. माझे शिक्षण चौथीपर्यंतच. परंतु पत्रात एकही खाडाखोड नाही.

गुरुवार, २७ जून

पत्र हातात घेऊन साकेलारिस कुंपणाशी आला. हसत होता.

"स्केवोसकाका, तुम्ही ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरचे ना? ईस्टरला डोंगरावरून डायनामाइट फेकणारी माणसं! आणि माझ्या चार फटाक्यांना घाबरलात?"

"आवाज आवरावा, एवढीच विनंती आहे."

"तुमच्याच गावचे माझे आजोबा तर सांगायचे, डायनामाइटची वात कापावी तर स्केवोसनेच! अख्ख्या गावात तसा हात नव्हता म्हणे."

मी कुंपणावरची वेल सारखी करू लागलो.

"बरं, थेमेलिनामावशी घाबरतात का? का घाबरतात ते तरी सांगा. सांगा, आणि मी फुलबाजीसुद्धा लावणार नाही. शप्पथ!"

मी सांगितले नाही. घरात आलो.

शुक्रवार, २८ जून

पुन्हा बॉम्ब. ऐन जेवणाच्या वेळी. तिचा मासा ताटात तसाच राहिला.

रविवार, ३० जून

चर्चमधून परतताना थेमेलिना म्हणाली, "सांगून टाक की त्याला नोमिकोसबद्दल. वाईट नाही तो पोरगा. थांबेल."

किती सरळ वाटते तिला!

नोमिकोस तिचा धाकटा भाऊ. एकसष्ट वर्षांपूर्वीच्या ईस्टरला, आमच्या बंदरावरच्या डोंगरावर, डायनामाइटची कांडी त्याच्या हातातच फुटली. थेमेलिना खाली धक्क्यावर उभी होती – हात हलवत.

वात आखूड होती.

हे साकेलारिसला सांगितले, तर पुढचा प्रश्न येणारच – वात कोणी कापली होती? अर्धे तर त्याच्या आजोबांनी आधीच सांगून ठेवले आहे.

कांडी जमिनीवर पडण्याआधी हवेतच फुटावी, समोरच्या डोंगरावरून फेकणाऱ्या गटाची जिरावी, म्हणून आखूड कापली होती. सतरा वर्षांचा होतो. हे मी कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही.

सोमवार, १ जुलै

सायंकाळचे साडेसात. न्हाणीघरात बसून लिहीत आहे. दोन्ही नळ पूर्ण उघडे ठेवले आहेत, जेणेकरून पाण्याच्या आवाजात बाहेरचा आवाज बुडावा. बुडत नाही! घराच्या भिंती हादरत आहेत. थेमेलिना टबाच्या काठावर कानांवर उशी दाबून बसली आहे. प्रत्येक धडाक्याला तिचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटतो.

सर्वांत मोठे आवाज कुंपणापलीकडून येत आहेत. तेवढे तरी एका वाक्याने थांबले असते. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. आठवडाभर मी साकेलारिसला मनातल्या मनात शिव्या घालीत आहे. त्याने तर केवळ कारण विचारले होते!

अक्षर बिघडत आहे. पुरे.

मंगळवार, २ जुलै

काल आठच्या सुमारास थेमेलिनाने कानांवरची उशी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"वात तू कापली होतीस, हे मला लग्नाआधीच ठाऊक होतं. आता ते नळ बंद कर, आणि जा, त्या पोराला सांगून ये."

मी जोडे घातले.