बारा कॉम्प्युटर, एक पॅकेज

२१ ऑगस्ट, सकाळी ९. स्फाक्स, ट्युनिशिया.
आजपासून शिस्त. माझी थोरली बहीण सिहेमताई शिकवते त्या शाळेला दानात बारा कॉम्प्युटर मिळालेत. बाराही लिनक्सचे, पण बारा तऱ्हांचे. अरबी टायपिंग शिकवणारं माझं ॲप एकावर चालतं, दुसऱ्यावर रुसतं. ताईनं त्याच्या भरवशावर हेडबाईंकडून आठवड्याला दोन तास मिळवलेत. १५ सप्टेंबरला शाळा उघडायच्या आत झालं नाही, तर ते तास फ्रेंच व्याकरणाला जाणार. मी म्हटलं, काळजी सोड. सगळीकडे चालेल असं एकच पॅकेज करतो, लोकांनी मिळून चालवलेल्या ॲप स्टोअरवर टाकतो. दोन दिवसांचं काम.

२४ ऑगस्ट.
आयकॉन बदलला. आधीचं ऑलिव्ह फार हिरवं होतं.

२९ ऑगस्ट.
पॅकेज पाठवलं! तिथे तपासणारी मंडळी बिनपगारी. माझ्या वाट्याला हेन्रिके नावाची जर्मन बाई. विचारते, टायपिंगच्या ॲपला माणसाच्या सगळ्या फायली उघडायची परवानगी कशाला? एका फोल्डरची पुरे. एक ओळ बदला.
बदलणार नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२ सप्टेंबर.
उत्तर धाडलं. नऊ परिच्छेद. सहावा, स्वातंत्र्यावरचा, वाचून माझेच डोळे पाणावले.

३ सप्टेंबर.
हेन्रिकेचं उत्तर आलं. धन्यवाद म्हणते. आणि ती ओळ बदलली का, म्हणते.

६ सप्टेंबर.
ताईकडे जेवलो. अंडं भरलेले कुरकुरीत ब्रिक तळता तळता म्हणाली, अरे बाबा, तुझी भांडणं घाल चुलीत, माझ्या पोरांचे तास जातायत! मी म्हटलं, ताई, हे तुला नाही कळायचं. ती म्हणाली, मग कळेल असं कुठे लिहिलंय का? मदतीच्या पानाची लिंक दिली. वाचू दे बिचारीला. तेवढंच मन रमेल.

९ सप्टेंबर.
स्वतःचंच स्टोअर काढायचं नक्की. दिवसभर नाव शोधलं.

१२ सप्टेंबर.
ताईचा फोन. परवानग्यांची फाइल कुठली, विचारत होती. सांगितली. फोन ठेवून पोट धरून हसलो.

१४ सप्टेंबर, संध्याकाळी ५.
ॲप स्टोअरवर आलं! झुकले शेवटी! नऊ परिच्छेद फुकट गेले नाहीत.

५.१०
पान नीट वाचलं. पॅकेज सांभाळणार: सिहेम त्रिकी. बदल: एक ओळ.
ताईला फोन केला. बाराच्या बारा कॉम्प्युटरवर चालतंय, उद्या पोरं बसणार. हेन्रिके किती गोड बाई आहे, म्हणे. मग म्हणाली, लेखक म्हणून तुझंच नाव ठेवलंय हो, रुसू नकोस. मला रडूच आलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

५.४०
माझ्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिलं. चालत नाही. पाच वर्षं अपडेट केलेला नाही. तोही तत्त्वाचाच प्रश्न होता.
पुन्हा ताईला फोन. म्हणाली, शनिवारी शाळेत घेऊन ये, बघते मी.