हात धुवायचे राहिले

३ नोव्हेंबर १९३३
आजही लॅबोरेटरीत पाणी नाही. सकाळपासून थुंकीचे, शौचाचे नमुने, आणि हात पुसायला तोच एक फडका. कधीकाळी पांढरा असावा. शिपाई महादूला ओरडलो तर म्हणतो, "रहाटाची दोरी तुटली हाय, पानी कुटनं आनू?" कोपऱ्यात फिनेलची बादली आहे, तीत सगळ्या इस्पितळाचे हात बुचकळून निघतात. उग्र वास आला की हात स्वच्छ झाले, अशी सर्वांची समजूत.
धाकटी बहीण वत्सू परवा बाळंतपणाला येते आहे. पहिलं मूल सासरी, श्रीवर्धनला, आठ दिवसांत गेलं. या खेपेला सुईण नको, माझ्या इस्पितळातच ये, हा माझा हट्ट.

६ नोव्हेंबर
वत्सू काल आली. सोबत रेवदंड्याची आत्या. वत्सू फार भेदरलेली.
बादलीतला थेंब काचेवर घेऊन पाहिला. जे वळवळत होतं ते इथे लिहीत नाही. डॉक्टर साहेबांना बोलावून दाखवलं. साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, हूं म्हणाले, आणि बादलीवर झाकण ठेवायचा हुकूम दिला.
झाकण.

९ नोव्हेंबर
हेडक्लार्ककडे पाण्यासाठी तिसरा अर्ज. मुंबईहून आलेलं चिनी मातीचं बेसिन डॉ. सा.च्या दाराबाहेर बसवलंय. नळ जोडलेला नाही, आत क्रोटनची कुंडी. म्हटलं, ते आम्हाला द्या, घागरीनं पाणी ओतून चालवू. तर म्हणे, "लॅबोरेटरीत पाणी कशाला हो? तिथं कोण जेवायला बसतंय?" बोलता बोलता थुंकीच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या चाळत होते, दर चिठ्ठीला अंगठा जिभेला लावून. हा गृहस्थ बाजारातून घरी गेला की आधी आंघोळ करतो, कुणाकुणाचा स्पर्श झाला म्हणून.

१४ नोव्हेंबर
वत्सूला पहाटेपासून कळा. घरून दोन हंडे उकळलेलं पाणी आणि साबण नेला. नर्सबाईंना समोर उभं राहून हात धुवायला लावले. चिडल्या. चिडोत बापड्या.
मग कामाला बसलो. किहीमच्या एका माणसाची रक्ती आव, त्याची काच तयार करत होतो. साडेअकराला आत्याची हाक, "विनू, मुलगा झाला रे." तसाच धावलो.
आत्या दारातच बाळ घेऊन उभी. मी आत डोकावलो तर, "बाळंतिणीला शिवू नकोस हो, विटाळ होईल. इकडे ये, मामाचं मधाचं बोट लाव. तुझी हुशारी येऊ दे त्याला." वत्सू खाटेवरून म्हणाली, "दादाच्याच हातचं हवं मला." वाटीत बोट बुडवून ओठांना लावलं. चाटलं लबाडानं. पुन्हा लावलं. डोळे भरून आले माझे.
परत आलो. टेबलावर किहीमची काच अर्धवट पडलेली. उजवा हात. तेच बोट.

१६ नोव्हेंबर
काही नाही. दूध पितो, झोपतो. कुणाला बोललो नाही. आता मात्र घरून पाणी आणून दहादा हात धुतो. हेडक्लार्कला शिव्या देण्याचा मला काय अधिकार? त्याला कळत नाही. मला कळत होतं. स्वतःचीच किळस येते.

१८ नोव्हेंबर
बाळाला जुलाब. आव पडते. आत्या वत्सूवर तुटून पडली, "काय खाल्लंस चोरून?" वत्सूनं रडत कबूल केलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिलेली खोबऱ्याची वडी. अर्धी. मला विचारलं, "दादा, त्यानंच झालं असेल का रे?"
मी म्हटलं, बघू.
बघू, म्हणालो मी.

१९ नोव्हेंबर
बाळाचा नमुना माझ्याच टेबलावर आला. चिठ्ठी, 'वत्सलाबाईंचे मूल'. दोन वेळा पाहिला. आवेचे जंतू. रिपोर्ट लिहून दिला. डॉ. सा. म्हणाले, "पाच दिवसांच्या पोराला हे कुठून आलं?" त्यांनी औषध सुरू केलं. जगेल की नाही, सांगत नाहीत.
संध्याकाळी वॉर्डात गेलो. आत्यानं वत्सूचं जेवण तोडलंय, नुसती पेज. आत्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं, स्टूल ओढून बसलो. घरून वाक्य ठरवून निघालो होतो.
वत्सू म्हणाली, "मीच अवदसा. तू इतकं केलंस, आणि मी वडी खाल्ली." मी तोंड उघडलं, तोवर तिनं माझा उजवा हात ओढून पोराच्या अंगावर ठेवला. "असू दे दादा. तुझा हात असला की धीर येतो."
ठेवला. अंग तापलेलं होतं. इवलासा श्वास हाताखाली लागत होता.
वत्सूला अजून सांगितलेलं नाही.