एकोणीस लाल फेऱ्या

गांगशान, शुक्रवार

प्रिय पेइ-श्वान,

तुझा तो बिल्ला कालपासून मी तांदळाच्या डब्यात कोंबून ठेवलाय. त्याच्याकडे बघितलं की शिसारी येते.

तो आमच्या स्क्रूच्या कारखान्यात आला तेव्हा मी गावभर मिरवलं, माझ्या पोरीने बनवलाय म्हणून. कोण कुठे जातं ते ठिपक्यांनी पडद्यावर दिसणार, फोर्कलिफ्ट जवळ आली की बिल्ला पीं पीं करणार. यंत्रं शहाण्यासारखी चालावीत म्हणून आपल्याकडे ठेवतात तसं हिरव्या खाऊचं पाकीट मीच तुझ्या बिल्ल्यांच्या संगणकावर ठेवलं. आठवड्याभरात पडद्यावर माझ्याच नावापुढे लाल रेघ: दिवसाला एकोणीस अनावश्यक फेऱ्या. मुकादम लिन सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मावशी, कामाला येता की फिरायला?" मग शरदाच्या सणाला घरी पपनस सोलताना तूही म्हणालीस, "आई, सारखी श्यू-ओ मावशीकडे काय जातेस? ऑफिसात माझी लाज जाते गं." गप्पा मारायला, असं मी सांगितलं. खोटं बोलले.

श्यू-ओला ऐकू येत नाही. तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात दोन्ही कान गेले. ओठ बघून निभावते. कळलं तर घरी बसवतील म्हणून तिने मला शपथ घातली होती. फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकला की मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवायची, एवढंच. पण तुझी मान खाली जायला नको म्हणून मी फेऱ्या बंद केल्या. माझी रेघ हिरवी झाली, लिनने टाळ्या वाजवल्या, आणि मी निर्लज्जासारखी हसले.

मंगळवारी फोर्कलिफ्ट तिच्या पायावरून गेली. बिल्ला तिच्या छातीवर केकाटत होता. मी माझ्या यंत्रापाशी उभी होते, हिरवी. डावं पाऊल कापावं लागलं. दवाखान्यात तिने मला एकच विचारलं, "कुणाला सांगितलं नाहीस ना गं?" मला स्वतःचीच किळस आली.

काल लिनने कागद पुढे केला. त्यावर लिहिलेलं: इशारा वाजला होता, कामगाराने दुर्लक्ष केलं. मी साक्षीदार म्हणून सही करायची. बिल्ला बनवणाऱ्यांतर्फे तुझी सही आधीच होती. तिला ऐकू येत नाही हे तुला माहीत नव्हतं, ते माझं पाप. आता माहीत झालंय. सोमवारी चौकशीला सरकारी माणसं येणार आहेत. मी शपथ मोडून सगळं सांगणार आहे, तुझ्या सहीसकट. त्याआधी येऊन तू ती स्वतः खोडलीस, तर माझ्या शेजारी बस. नाही तर समोर बसशील.

तुझीच,
आई