इंग्लंडमधलं वाळवंट आणि आम्ही दोघं

क्रॉयडन,
१६ जुलै २००७

प्रिय नंदू,

तू माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, तेव्हा रीतसर वाकून नमस्कार करायला हवा. पण इथल्या मऊ गादीने माझी कंबर धरली आहे, म्हणून उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घे. गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची चौकशी मागच्या पत्रात केली होती.) वहिनींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिपळूणला यंदा पाऊस किती झाला ते सविस्तर कळव, आणि इंचांत कळव. मिलिमीटरमध्ये लिहिलं की पाऊस पडल्यासारखाच वाटत नाही. आम्ही सगळे ठीक. सुनेत्राची शुगर ताब्यात आहे. वरदा हॉस्पिटलात राबते आहे. जावईबापू दोन आठवडे कामासाठी लेस्टरला गेलेत, म्हणून पुढच्या हकिकतीत ते कुठे दिसले नाहीत तर काळजी करू नकोस.

बातमी अशी की मी वाळवंट पाहिलं. चौतीस वर्षं मी पोरांना वाळवंट शिकवलं, आणि तेही चिपळूणच्या पावसात, जिथे पत्र्यावरच्या आवाजात 'सहारा' हा शब्द ओरडून सांगावा लागायचा. फळ्यावरचे उंट तू काढून द्यायचास. (त्यांची मान कोंबडीसारखी यायची. इतकी वर्षं बोललो नाही. आता समुद्रापलीकडे आहे म्हणून बोलतो.) पण प्रत्यक्षात मी वाळवंटाच्या आसपासही फिरकलो नव्हतो, आणि एखाद्या हुशार पोराने "सर, तुम्ही गेला होतात?" असं विचारलं की मी लगेच वाऱ्यांकडे वळत असे.

सहलीचं निमित्त मात्र वेगळं होतं, तेही सांगतो. वरदाला आम्ही दोघांनी कायमचं इथेच राहावं असं वाटतं. त्याचा एक लांबलचक सरकारी फॉर्म असतो, इथल्याच एका उंच ऑफिसात जाणारा. जूनमध्ये आम्ही दोघांनी त्यावर सह्या केल्या. मी केली, कारण सुनेत्राला इथे मानवलंय हे मला दिसत होतं: नळाला गरम पाणी, शेजारी लेक, शिवाय डॉक्टरही घरातलीच. आता ती या सगळ्यावर पाणी सोडून चिपळूणच्या त्या ओल्या घरात कशाला येईल? म्हणून मी "हो, छान आहे इथे" असं म्हटलं आणि त्यानंतर सकाळी उठून रोज बागेच्या कुंपणापर्यंत जाऊन परत येत राहिलो. मनातलं मी कुणालाच सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही, याचा राग मानू नकोस.

तर सह्या झाल्याच्या आनंदात वरदा म्हणाली, "बाबा, इथे पण एक डेझर्ट आहे. इंग्लंडचं एकुलतं एक. संडेला जाऊ या." मी म्हटलं, "वर्षाला पंचवीस सेंटिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो का?" ती म्हणाली, "बाबा, प्लीज." म्हणजे जास्तच पडत असणार. (मी नंतर विचारलं. चिक्कार पडतो. हवामानखातं त्याला वाळवंट मानत नाही, पण लोक मानतात. आणि तिथे उभं राहिल्यावर मीही लोकांच्या बाजूने झालो.)

जागेचं नाव डंजनेस. समुद्राच्या कडेला मैलोन्‌मैल नुसते गुळगुळीत दगडगोटे. झाड नाही, कुंपण नाही, रस्ता कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं ते कळत नाही. आम्ही पोचलो तेव्हा धुकं होतं, आणि त्या धुक्यात वस्तू अशा एकेक करून येत होत्या, जणू कुणीतरी त्या आठवून आठवून ठेवतं आहे: एक काळी लाकडी झोपडी, जमिनीवर ओढून ठेवलेली होडी, गंजलेलं चाक, दगडांतून उगवलेली निळ्या फुलांची काठी. दूर कुठेतरी दीपगृह असावं. मागे अणुवीज केंद्राची अखंड गुणगुण, घरात कुणीतरी आतल्या खोलीत रेडिओ लावल्यासारखी. चाललं की पायाखालचे गोटे बोलायचे, थांबलं की तेही थांबायचे. सुनेत्रा कोल्हापुरी चपला आणि वरदाचा रेनकोट घालून चालत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. सदतीस वर्षांच्या संसारात हे मी प्रथमच पाहत होतो, आणि त्याचं सगळं श्रेय मी भूगोलाला दिलं.

तिथे एक चिमुकली आगगाडी येते, तिचं वेळापत्रक बघायला वरदा पुढे गेली आणि आम्हाला म्हणाली, हलू नका. आम्ही हललो. धुक्यात पन्नास पावलांवर रेल्वेचा डबा उभा दिसला. डब्याला पायऱ्या होत्या, दार उघडं होतं. आम्ही चढलो आणि खिडकीशी बसलो. उशा, पडदे, भिंतीवर घड्याळ. मी सुनेत्राला म्हटलं, "इथली सेकंड क्लासची व्यवस्था बघ." ती म्हणाली, "अहो, शेगडीवर किटली आहे." मी म्हटलं, पँट्री असेल. एवढ्यात आतल्या बाजूने एक म्हातारी बाई गाऊनमध्ये आली, हातात दुधाचं भांडं. आमच्याकडे बघून जराही न दचकता तिने विचारलं, "कुठे निघालात?"

"लाइटहाउस," मी म्हणालो.

"मग वेळ लागेल," ती म्हणाली. "हा डबा माझ्या सासऱ्यांनी इथे आणला तेव्हापासून हललेला नाही."

नंदू, ते तिचं घर होतं! जुने डबे आणून लोकांनी तिथे घरं केली आहेत. मी उठून उभा राहिलो, तो डोकं सामानाच्या फळीवर आपटलं (ती मात्र अजून रेल्वेचीच आहे). माफी मागायला इंग्रजी शोधतोय, तोवर सुनेत्राने पिशवीतून चकलीचा डबा काढून बाईंच्या पुढे धरला होता. चकली हा दागिना की खाऊ, हे ठरवायला मिसेस हॅलटना (तेच त्यांचं नाव) थोडा वेळ लागला. मग त्यांनी आम्हाला चहा दिला आणि आम्ही तिघं त्या न चालणाऱ्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर काहीही नव्हतं. पांढरं, आणि पांढऱ्याच्या आत थोडं आणखी पांढरं. खरं सांगतो, मला तिथून उठावंसं वाटेना. वरदा हाका मारत आली तेव्हा मिसेस हॅलट म्हणाल्या, आज इथून जवळच त्या ऐकणाऱ्या भिंतींकडे जाणारा पूल उघडा आहे, वर्षातून एकदोनदाच उघडतो, तो चुकवू नका.

या भिंती म्हणजे तिथलं ऐतिहासिक स्थळ. रडार यायच्या आधी, समुद्रावरून येणारी शत्रूची विमानं दुरून ऐकू यावीत म्हणून काँक्रीटचे प्रचंड कान उभारले होते. दोन आहेत परातीसारखे, आणि तिसरी दोनशे फूट लांब, धनुष्यासारखी वळलेली भिंत. विमानं वेगाने येऊ लागली, रडार आलं आणि कान निकामी झाले. सभोवती पाणी, वर राखाडी आकाश, आणि ते आपले अजून समुद्राकडे तोंड करून ऐकताहेत. आम्ही पोचेपर्यंत वारा सुटला होता आणि धुकं फाटत होतं. पिवळ्या जाकिटातल्या एका स्वयंसेवकाने सांगितलं की एकाने या टोकाला, दुसऱ्याने त्या टोकाला उभं राहायचं आणि भिंतीशी हळू बोलायचं. आवाज भिंतीवरून सरकत पलीकडे जातो. सुनेत्रा तुरुतुरु त्या टोकाला गेली. दोनशे फुटांवरून ती रेनकोटातल्या ठिपक्याएवढी दिसत होती.

मी भिंतीला तोंड लावलं. काय बोलावं? "हॅलो" म्हणावंसं वाटेना. काँक्रीट गार होतं, त्यावर शेवाळ होतं, आणि त्या शेवाळाचा वास, नंदू, आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीचा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला इथे नाही राहायचं. मला चिपळूणला जायचंय."

आणि भिंतीतून, अगदी कानाच्या पाळीशी, सुनेत्राचा आवाज आला: "घरी जाऊ या हो आता. पुरे झालं."

आम्ही भिंतीच्या मध्यावर भेटलो. ती म्हणाली, "ऐकलंत?" मी म्हटलं, "ऐकलं. तू?" ती म्हणाली, "हो." पाच महिने आम्ही एकमेकांसाठी इंग्लंडमध्ये राहत होतो, हे पचायला वेळ लागला.

वरदाला गाडीत सांगितलं. ती चिप्स घेऊन आली होती. मी भूगोलापासून सुरुवात केली, पण तिने मला प्रस्तावनेतच गाठलं. गाडीचा पुढचा कप्पा उघडला. आत तो फॉर्म, तसाच, सहीशिक्क्यानिशी.

"तीन आठवडे इथेच आहे," ती म्हणाली. "रोज पोस्टापर्यंत नेते आणि परत आणते. बाबा, तुम्ही हो म्हणालात ना, ते आईकडे बघून म्हणालात. आणि आई तुमच्याकडे बघून. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. मला कळलंच, आय जस्ट न्यू."

मग ती चिडली. पाच महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, म्हणाली. मग तिने रडत रडत सगळे चिप्स संपवले आणि म्हणाली, "पण मग माझं काय?" सुनेत्रा पुढच्या सीटवर होती. तिने वरदाचा खारट, तेलकट हात धरला आणि क्रॉयडन येईपर्यंत सोडला नाही (गिअर बदलायचा असला की दोघी मिळून बदलत होत्या). दर उन्हाळ्यात आम्ही यायचं आणि दर दिवाळीला तिने, असं ठरलं आहे. तरी तिला वाईट वाटलं ते वाटलंच. आज ती ड्यूटीवर जाताना दारातून दोनदा परत आली.

आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
रघुवीर

ता. क. मे महिन्याच्या पत्रात मी तुला आमच्या घरासाठी गुपचूप गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं, ते ताबडतोब थांबव. हे पत्र खरं त्यासाठीच आहे. गिऱ्हाईक सापडलं असेल तर त्याला मागच्या खोलीत पाणी कुठून येतं ते दाखव. तरीही हटला नाही, तर भूत सांग.

दुसरा ता. क. वाचनालयात 'वाळवंट: एक प्रत्यक्ष अनुभव' असं माझं व्याख्यान ठेवता येईल का? धुक्याचा आणि पावसाचा उल्लेख तू आधी कुणाकडे करू नकोस. जमल्यास एक उंट काढून ठेव.

नंदूभावजींना सुनेत्राचा नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून या कोपऱ्यात लिहिते. त्या भिंतीपाशी मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. वारा केवढा होता, शिवाय कानावर रेनकोटाची टोपी. मी आपलं मनातलं बोलून घेतलं. म्हटलं, भिंतीला सांगायला काय जातंय. मग ते धावत आले, डोळे भरलेले, "ऐकलं" म्हणाले, तर मीही "हो" म्हटलं. ते काय म्हणाले होते, ते हे पत्र चोरून वाचल्यावर आज कळलं. त्यांना सांगू नका. आणि घर विकायला काढल्याचंही आजच कळलं, ते मात्र मी त्यांना चिपळूणला आल्यावर सांगणार आहे.