गोळी सुटली की मंद होणारे दिवे

आरमोरी,
१९ नोव्हेंबर २००७

प्रिय दिव्यानी,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. दोन वर्षांत एक ओळ नाही, एक फोन नाही, म्हणून पाकिटावरचं तुझं अक्षर पाहून जीव हरखला, खोटं कशाला बोलू! वाटलं, दिवाळीचं कार्ड असेल. आत निघाला टाइप केलेला कागद. ‘चंद्रपूर येथील आमच्या दुकानातून विकलेल्या गेमिंग कॉम्प्युटरमधील सजावटीच्या दिव्यांची रचना व जोडणी कु. नाहीद लियाकत शेख, रा. आरमोरी, यांची आहे.’ खाली सहीसाठी रेघ, आणि मी चुकू नये म्हणून पेन्सिलीची फुली. सोबत तुझं छोटंसं पत्र: नागभीडला मशीन जळली, लच्छू नावाचा माणूस भाजला, अजय फार टेन्शनमध्ये आहे, तू समजून घे. वा गं वा! दोन वर्षं ती रचना तुझ्या नवऱ्याची होती. पेपरात फोटो आला तेव्हाही त्याचीच. माणूस भाजल्याबरोबर ती माझी झाली का? आपल्या बोलीत विचारते, असं काऊन केलंस दिव्यानी?

आपण कोण होतो ते तरी आठवतं का? गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सला सगळी पोरं, आणि त्यात आपण दोघी. एसटीत एका सीटवर, जेवायला एकच डबा. सर म्हणायचे, सोल्डरिंग शिकून पोरींना सासरी काय उपयोग? तू फाडकन उत्तर द्यायचीस आणि मी मान खाली घालून हसायचे. आरमोरीत दुकान टाकलं तेव्हाही न ठरवता तसंच ठरलं. बोलायचं तू आणि स्क्रू फिरवायला पेचकस धरायचा मी. तू काउंटरवर, मी पडद्यामागे जमिनीवर मांडी घालून. लोक म्हणायचे, “दिव्यानीबाईच्या इथून कॉम्प्युटर आणला.” मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुझं नाव मोठं झालं की दुकान मोठं होतं, एवढंच मला कळत होतं. बावळट होते, दुसरं काय.

त्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे पिवळट पत्र्याचा डबा. कॅबिनेटची एक बाजू कापून काच बसवायची आणि आत दिवे खेळवायचे, हे माझ्या डोक्यात आलं ते अब्बांमुळे. लग्नाचे मांडव, शारदेचे मंडप, ईदची कमान, सगळीकडे लियाकतभाईंची लायटिंग. त्यांच्याच खोक्यातले बारीक बल्ब मी निळे-हिरवे रंगवले, एकामागून एक पळतील असं सर्किट जोडलं आणि पंख्याभोवती फिरवले. पहिली मशीन चालू केली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास आणि माझा रंगाने माखलेला हात धरून नाचलीस. चंद्रपूरची गेम खेळणारी पोरं खास ते पाहायला आरमोरीला यायला लागली. ते दिवस खरंच चांगले होते. आज ते लिहितानासुद्धा मला तुझा राग येतो.

आता मुलचेऱ्याची गोष्ट. तिकडच्या बंगाली गावात दुर्गापूजेची लायटिंग अब्बांकडे होती आणि तू हट्टाने सोबत आलीस. दिव्यांची शेवटची झालर लावायला वायर पुरेना, म्हणून तू ती भोंग्याच्या लाईनला जोडून दिलीस. त्यांचा ढाक, तो मोठा ढोल, माइकवर वाजायला लागला, भोंगा चढला, आणि झालर डोळे मिचकावल्यासारखी करू लागली. तू म्हणालीस, किती छान दिसतं! अब्बा शिडीवरून उतरून धावत आले. तुझं बोट धरून जोडावर टेकवलं. तू हात झटकलास, इतकं ते तापलं होतं. “बेटी, भोंग्याच्या लाईनवर झालर कधी लावायची नाई. झालर मंद होऊन राह्यली म्हणजे वायर गरम होऊन राह्यली.” मला नाही, तुला शिकवलं होतं त्यांनी. तुझ्या बोटाला शिकवलं होतं.

तुझ्या पत्रात शेवटी प्रश्न आहे, मूळ मशीनमध्ये आणखी काही होतं का? होतं. अब्बांचं तेच मी कॉम्प्युटरमध्ये केलं होतं. गेम सुरू झाला की ग्राफिक कार्ड वीज ओढायला लागतं, आणि आपले स्वस्तातले पॉवर सप्लाय कसे असतात ते तू जाणतेस. स्टिकरवर साडेचारशे वॅट आणि आतून अर्धेसुद्धा नाहीत. त्यावर दिव्यांचं ओझं घालायचंच नाही. म्हणून दिव्यांना मी वेगळा छोटा सप्लाय दिला होता, वेगळ्या फ्यूजसकट, कॅबिनेटच्या तळाशी दुसऱ्या पत्र्याखाली. कॉम्प्युटरच्या वायरीशी दिव्यांचा काही संबंध नव्हता. अजयला तो डबा फालतू वाटला असेल. काढून टाकला आणि सगळे दिवे ग्राफिक कार्डाच्याच वायरीत, दहा रुपयांच्या जोडात खुपसले. दिसायला दोन्ही मशीन सारख्याच.

अजय आपल्याकडे हार्ड डिस्क पोचवायला यायचा तेव्हापासून मला माहीत होतं, तो तुझ्यासाठी येतो. मला आनंदच होता. तुझ्या हळदीत माझ्याइतकं कोणी नाचलं नाही. जाताना म्हणालीस, पहिली मशीन आठवण म्हणून नेते गं. मी स्वतः ती गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवली, काच फुटू नये म्हणून उशी लावली. चार महिन्यांनी पेपरात फोटो, अजय आणि माझी मशीन, ‘चंद्रपूरच्या तरुणाची करामत’. अब्बांना मराठी वाचता येत नाही. फोटोवर बोट ठेवून विचारलं, “इसमें तेरा नाम किधर है?” मी म्हणाले, खाली बारीक अक्षरात आहे. त्यांनी तो पेपर घडी करून पेटीत ठेवला. तू पत्रात विचारतेस, तेव्हा मी फोन का केला नाही. काय बोलणार होते, अभिनंदन?

इथवर वाचून तुला वाटेल, नाहीद सगळं माझ्यावर ढकलायला बसली आहे. थांब जरा. फेब्रुवारीत मी वायर घ्यायला चंद्रपूरला आले होते आणि तुमच्या दुकानात शिरले, आठवतं? तू मला ‘आमच्या आरमोरीच्या ओळखीच्या’ म्हणून कोणाशी तरी ओळख करून दिलीस. ओळखीच्या! अजय एका गिऱ्हाइकाला मशीन दाखवत होता. “बघा भाऊ, गेममध्ये गोळी सुटली की दिवे आपोआप मंद होतात. खास सर्किट हाय, दुसरीकडे कुठी भेटणार नाई.” गिऱ्हाईक खूश. तू पण हसत उभी. गोळी सुटायची, दिवे मंद व्हायचे, पुन्हा उजळायचे. मला एका क्षणात कळलं की तळातला डबा काढलेला आहे आणि आत जोड तापतो आहे. तुला कळायला हवं होतं. पण कळलं मला, दिव्यानी, आणि मी एक शब्द बोलले नाही. मनात म्हटलं, जळू दे. होऊ दे फजिती यांची गिऱ्हाइकांसमोर, मग येतील माझ्याकडे. मी चहा प्यायले. दारात पॅक केलेलं एक खोकं होतं, त्यावर स्केच पेनने नाव लिहिलं होतं, ‘लच्छू कटिंग सेंटर, नागभीड’, आणि खाली फोन नंबर. ते वाचून, खोक्याला वळसा घालून मी बाहेर पडले. बसमध्ये तर हसूही आलं मला.

काल मी नागभीडला गेले. स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. नंबर येईस्तोवर गिऱ्हाइकांनी गेम खेळावा म्हणून त्याने आरशाखाली मशीन ठेवली होती. आता भिंत काळी आहे. भर दुपारी जोड पेटला, बाजूच्या कापडी पडद्याने पेट घेतला, आत खुर्चीवर म्हातारं माणूस दाढीला बसलेलं, म्हणून त्याने तो पडदा हाताने ओढून विझवला. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत, वस्तरा धरता येत नाही. बायको मंगली कंगवे पुसत होती. तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. त्याऐवजी मी माझ्या हाताने दुसरा लिहिला: दिव्यांची रचना माझी, वेगळा सप्लाय काढून केलेली जोडणी अजयची, आणि धोका आहे हे फेब्रुवारीत डोळ्यांनी पाहूनही मी गप्प राहिले. एक प्रत लच्छूला दिली, एक सोबत आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांना आजच फोन करा, दिव्यांचा जोड काढून ठेवायला सांगा. मी येऊन एकेक मशीन नीट करून देईन, तुझ्यासाठी नाही. लच्छूपुढे मी सगळं बोलले, एकही गोष्ट लपवली नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “बाई, तुमाले तवाच मालूम होतं तं मले एक फोन काऊन नाई केला? नंबर तं खोक्यावरच होता ना.”

‘तुझीच’ लिहायला हात होत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही,

नाहीद