बंगारीचं पाणी

६ मार्च
सुपरिंटेंडंट मॅडम दहा दिवस ट्रेनिंगला हैदराबादला. त्यांच्या मुलीचा गोल्डफिश टाकीसकट आमच्याकडे. नाव बंगारी, तेलुगूत सोनुली. अख्ख्या स्टाफमधून मलाच निवडलं! लंचमध्ये मी माशांवर बोलतो ते वाया गेलं नाही. मॅडमची चिठ्ठी आहे: दोन चिमटी दाणे, पाणी नळाचं, बाकी हात लावू नये. मी काय नवखा आहे?

७ मार्च, सकाळी ७
पाण्यातले क्षार मोजायचा टीडीएस मीटर आणला. नळाचं पाणी ७८०! किळस आली. याच पाण्यानं मी जन्मभर दात घासले. तोटीला पांढरी खरूज, साबणाला फेस नाही, चहावर तवंग. शी! बायकोला, मीनलला, आकडा दाखवला. म्हणाली, "तीन वरसं याच पाण्यात जगली ना थे? माह्या माहेरी, भैंसा गावालेबी असंच पाणी. आमी मेलो का?"
सायन्स हा तिचा विषय नाही.

८ मार्च
आरओचे जार मागवले. मीटर ३५. अमृत! जुनं पाणी सगळं ओतून दिलं. टाकी, खडे, सगळं भांड्याच्या साबणानं घासलं.

९ मार्च
बंगारी तळाशी गप्प. शुद्ध पाण्यात पहिल्यांदाच झोप लागली असावी. दोन चिमटी म्हणजे उपासमार. उकडलेलं अंडं कुस्करून घातलं.

१० मार्च
भयंकर वास. अंड्याचा नव्हे. अंगात मुरलेलं नळाचं विष निघतंय. नाकाला रुमाल बांधून पुन्हा सगळं पाणी बदललं. आता रोज बदलणार. मॅडमला फोटो पाठवला, "एकदम फ्रेश." फोटो सहा तारखेचा.

११ मार्च
तिरपी पोहते. मीनल म्हणाली, "काऊन छळून राह्यले त्या जीवाले?" जेवण गेलं नाही. वासामुळे.

१२ मार्च, संध्याकाळी ५
उलटी तरंगत होती. गेली. अंगावर बुळबुळीत पांढरं काहीतरी. हात लावायची शिसारी आली. मीनलला म्हटलं, टाकून ये. दारामागे उभा राहिलो. मॅडमची मुलगी सात वर्षांची आहे.

१३ मार्च
मॅडमसाठी निवेदन लिहायला घेतलं. विषय: कठीण पाण्याचे दूरगामी परिणाम. तीन कागद फाडले. बदली बहुतेक बेज्जूरला, थेट जंगलात.

१५ मार्च
मागच्या सिमेंटच्या टाक्यात काहीतरी चमकलं. बंगारी! मीनल म्हणाली, "कल्ले हालत होते तिचे. तुमाले दिसलं नाई. एकेक तांब्या नळाचं पाणी घालत गेली मी." हे तीन दिवस मला का सांगितलं नाही, विचारलं. "तुमी आणखी सुधारलं असतं तिले," म्हणाली.
टाक्याच्या काठाला शेवाळ. घाण. पण मासा टणाटण उड्या मारतोय. आरओनं आतून मजबुती आली होती, हे उघड आहे.

१७ मार्च
मॅडम आल्या. बंगारी परत काचेच्या टाकीत. मुलगी टाकीला गाल लावून बसली. मी आरओबद्दल सांगणार होतो. मीनलनं सगळं सांगून टाकलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही.

२ एप्रिल
मॅडमचा फोन. पुन्हा हैदराबाद, आठ दिवस. वाटलंच होतं, एक्स्पर्टशिवाय चालत नाही. पेन-कागद घेऊन बसलो. मॅडम म्हणाल्या, "ज़रा मीनलगारू को फोन दीजिए."
गारू! म्हणजे मीनलजी. दिला. दोघी वीस मिनिटं बोलल्या.
टाकी आणायला मी जायचंय. मासा मीनल उचलणार.