तेरा पाऊणे पावणेदहा

॥ श्री ॥

बोर्डी,
रविवार, ता. ९ मे १९५४

तीर्थरूप अण्णांस,
कुंदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

काल संध्याकाळी पाचच्या सुमारास इथं सुखरूप पोचलो. काकूंचा गुडघा गाडीत आखडला होता, आता बरा आहे. हवापालटाच्या या बंगल्यात आमच्या वाट्याला आलेली खोली माचिसच्या पेटीएवढी आहे, पण खिडकी समुद्राकडे उघडते. आलो तेव्हा पाणी कुंपणाच्या भिंतीशी खेळत होतं. काकूंनी तिथूनच हात जोडले आणि उद्या सकाळी सावकाश पाय बुडवू म्हणाल्या.

आज अकराला पाय बुडवायला गेलो तर समुद्र जागेवर नाही! सुरूच्या झाडांपुढं नुसता ओला चिखलट माळ, पार नजर जाईल तिथवर. पाण्याची रेघ इतकी दूर की काकूंना ती दिसेचना. मुंबईहून आलेलं एक कुटुंब पोहायचे कपडे घालून त्या माळावर उभं होतं आणि रखवालदाराला जाब विचारत होतं, जणू त्यानंच पाणी सोडून दिलं. मला हसू आवरेना. आज सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच, म्हणजे सव्वापाचला भरती आणि अकरा-साडेअकराला ठार ओहोटी. तुम्ही शिकवलेली तिथीची पाऊणकी इथं घड्याळापेक्षा बरी चालते. फरक एवढाच की आपल्या कल्याणच्या खाडीत पाणी उतरतं, इथं ते परगावी जातं.

निवृत्त मामलेदार रावसाहेब मोहिले यांचा बंगला शेजारीच आहे. तुमचं पत्र त्यांना मिळालं आहे. पुढच्या शनिवारी, ता. १५ ला, त्यांचे चिरंजीव शशिकांत मुंबईहून येतील, तेव्हा मुलगी पाहू असं त्यांनी काकूंना सांगितलं. पाहणी घरात नाही, समुद्रावर. खुर्च्या टाकून चहा घ्यायचा म्हणे. सहाव्यांदा दाखवून घ्यायला मी तयार आहे अण्णा, पण हे सर्कशीसारखं वाटतं.

चिमीला दूध घालत जा, ती मांजर असली तरी रुसते. तुमची माया आहे तशीच राहो.

तुमची,
कुंदा

॥ श्री ॥

अंबरनाथ पूर्व,
मंगळवार, ता. ११ मे १९५४

चि. कुंदा हिस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चिमी दूध पिऊन माझ्याच उशीवर झोपते, तिची काळजी नको. काळजी तुझी आहे.

समुद्रावर खुर्च्या टाकून मुलगी पाहणं ही मोठ्या लोकांची थेरं आहेत. आमच्या वेळी ओटीवर पाट मांडत आणि खिडकीतून शेजारणी डोकावत, तेवढ्यात सगळं उरकायचं. मामलेदारी संपली तरी माणसाला दरबार लागतो, त्याला तू आणि मी काय करणार! पण मुलगा बँकेत आहे, एकुलता आहे आणि रंगरूपाबद्दल तक्रार करणारी माणसं नाहीत. अशा वेळी थेरांकडे काणाडोळा करावा.

आता नीट ऐक. आधीची पाच स्थळं तुझ्या रंगानं गेली नाहीत, तोंडानं गेली. कल्याणच्या मंडळींत मुलाच्या मामांनी तेवीस पाचे एकशेपाच सांगितले आणि तू तिथल्या तिथं एकशेपंधरा म्हणालीस. मामा चुकले होते हे मलाही कळत होतं, पण मी चहा पीत राहिलो की नाही? बदलापूरच्यांना तू पंचांगातली चूक दाखवलीस. दोष माझाच. तुझे वडील, आमचे दादा, गेल्यावर तुला पाटी-पेन्सिल मीच दिली, आणि चौथी नापास माणसाला जेवढं ठाऊक तेवढं सगळं तुझ्या डोक्यात कोंबलं. हरिचंद्र तांडेलानं मला खाडीतल्या तरीवर, त्याच्या होडीत, बसवून पाऊणकी शिकवली, ती मी तुला शिकवली. पोरीला पोहे करायला शिकवावं तिथं भरती-ओहोटी शिकवली!

म्हणून माझी आज्ञा समज. शनिवारी तोंड उघडायचं नाही. विचारलं तर हो किंवा नाही, तेही खाली बघून. रावसाहेब सूर्य पश्चिमेला उगवतो म्हणाले तरी मान डोलव. तुझं शहाणपण एक दिवस ट्रंकेत ठेवल्यानं त्याला कसर लागणार नाही.

निळी साडी नेस. निर्वासितांच्या कॅम्प चारमधल्या सिंधी दुकानदारानं शपथेवर सांगितलं आहे की समुद्राच्या पाण्यानंसुद्धा रंग जाणार नाही. मी त्याला म्हटलं, साईं, मुलगी पाहायची आहे, बुडवायची नाही.

तुझ्या काकूला सांग, गुडघ्याला तेल लावून चोळ. तुझं भलं व्हावं यापलीकडे माझं मागणं नाही.

अण्णा

॥ श्री ॥

बोर्डी,
रविवार, ता. १६ मे १९५४

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आधी हे वाचा की काकू आणि मी दोघी सुखरूप आहोत. काकूंना थोडा ताप आहे, काढा दिला आहे. आता बाकीचं.

काल चार वाजता रावसाहेबांनी बैलगाडीत वेताच्या पाच खुर्च्या, एक टेबल आणि चहाचा थर्मास घातला आणि गाडी ओल्या माळावर जवळजवळ अर्धा मैल आत नेली. तिथं वाळूचा उंचवटा होता, त्यावर दरबार मांडला. गाडीवानाला साडेसातला परत ये म्हणून पिटाळलं. एका बाजूला रावसाहेब, त्यांच्या पत्नी, शशिकांत. समोर काकू आणि मी. आमची पाठ किनाऱ्याकडे.

रावसाहेबांनी घड्याळ काढून सांगितलं की सूर्यास्तापर्यंत समुद्र हलणार नाही. कारण काय, तर गेल्या शनिवारी याच वेळी ते इथं आले होते आणि पाणी उतरत होतं. शनिवारी संध्याकाळी उतरतं, म्हणजे उतरतंच. जणू समुद्रही कचेरीतला कारकून आहे आणि त्याला वारानुसार कामं लावून दिली आहेत! अण्णा, गेल्या शनिवारी षष्ठी होती. काल त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. ओहोटी पावणेचारलाच संपली होती. आम्ही बसलो तेव्हा पाणी परत निघालेलं होतं.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी मान डोलवली.

मग शिवणकाम येतं का, हो. गाणं येतं का, नाही. शाळेतली नोकरी सोडशील का, यावर मी खाली पाहिलं, तर ते हो धरलं. शशिकांत कॅमेऱ्यातून बघत होते. मी समोर कोळ्यांच्या जाळ्याचे खुंट मोजत होते. आधी नऊ दिसत होते, मग सहा, मग चार. एकदा मान वळवून मागं पाहिलं. तुम्ही खाडीवर नेहमी सांगता ना, पाणी समोरून येत नाही, आधी खोलगट जागा भरत येतं. उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये एक नाला आहे, येताना गाडीचं चाकसुद्धा भिजलं नव्हतं. तो चकाकत होता.

तेव्हाही मी बोलले नाही. तुमची आज्ञा होती म्हणून, हे खरंच. पण खोटं का लिहू, थोडी मौजही वाटत होती. रावसाहेब भरती-ओहोटीवर व्याख्यान देत होते आणि भरती त्यांच्या पाठीमागं येऊन ऐकत होती. मग काकूंची चप्पल तरंगत निघाली आणि रावसाहेबांच्या खुर्चीखाली गेली. काकूंनी घाबरून माझा हात धरला. माझी मौज तिथं संपली.

शशिकांतांनी एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात बूट घेतले आणि किनाऱ्याकडे पळत सुटले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. रावसाहेब खुर्चीवर उभे राहिले. त्यांच्या पत्नी त्यांना खाली या म्हणत होत्या आणि ते म्हणत होते की पाणी आता उतरेलच. तेवढ्यात तिसऱ्या-शिंपल्या वेचणारी जनी म्हणून एक बाई टोपली डोक्यावर घेऊन आली आणि आम्हाला खडसावलं की शिकल्यासवरल्या माणसांना डोळे दिलेत की खोबणी, मागला नाला भरला तो दिसत न्हाय का. तो कुठून ओलांडायचा ते तिला ठाऊक होतं.

मग मी तोंड उघडलं, अण्णा. चौथीच्या वर्गावर काढते तो आवाज काढला. रावसाहेबांना खाली उतरा म्हणाले, हात धरा म्हणाले, खुर्ची सोडा हे तीनदा म्हणाले. पुढं जनी, मग काकू, मग मी, मग ते दोघं. नाल्यात पाणी माझ्या छातीला लागलं. काकूंना मी आणि जनीनं अक्षरशः उचलून काढलं. खुर्च्या गेल्या. टेबलही गेलं.

साडीचा रंग मात्र गेला नाही. एवढ्या सगळ्यांत दिल्या शब्दाला जागणारा तो दुकानदारच निघाला.

मी आधी बोलले असते तर काकूंना ताप आला नसता. हे मला टोचतं आहे. रागवायचं ते मला रागवा, पण अंतर देऊ नका.

तुमची,
कुंदा

॥ श्री ॥

बोर्डी,
सोमवार, ता. १७ मे १९५४

रा. रा. दिनानाथराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

शनिवारी आपल्या पुतणीस पाहण्याचा योग आला. समुद्राच्या अनियमितपणामुळे कार्यक्रम थोडा लवकर आटोपावा लागला. चि. शशिकांतने प्रसंगावधान राखून मदत आणण्यासाठी पुढे धाव घेतली, हे आपल्या कानी आलेच असेल.

कळविण्यास आनंद वाटतो की मुलगी आम्हांस पसंत आहे. विशेष आवडला तो तिचा शांत स्वभाव. पाणी घोट्यास लागले तरी मुलीने ब्र काढला नाही. आजकाल असे वळण दुर्मिळ आहे. पुढे गडबडीत ती चार शब्द मोठ्याने बोलली, ते भीतीपोटी समजून आम्ही मनावर घेतलेले नाही. नोकरी सोडण्यासही तिची संमती दिसली.

आपला होकार आल्यावर मुहूर्त पाहू. स्नेह वृद्धिंगत व्हावा.

आपला,
वा. गो. मोहिले

॥ श्री ॥

अंबरनाथ पूर्व,
बुधवार, ता. १९ मे १९५४

चि. कुंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझं पत्र आलं, आज रावसाहेबांचं. त्यांचं सोबत घातलं आहे, वाच. मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा संतापलो, तिसऱ्यांदा कागद खाली ठेवून चिमीकडे बघत बसलो.

समुद्राचा अनियमितपणा! पृथ्वी झाल्यापासून चंद्रामागं हिशेबानं चालणारा तो, आणि अनियमित कोण तर म्हणे तो. खुर्चीवर उभा राहून समुद्राला हुकूम सोडणारा मामलेदार मी जन्मात ऐकला नव्हता. आणि तो मदत आणायला धावलेला दिवटा! बूट हातात घेऊन मदत आणतात का? घोड्यावर बसायच्या आधीच ज्याला पळायला येतं त्याला बाशिंग कशाला बांधायचं, त्याला शर्यतीत घालावं.

पण त्यांना हसून माझी सुटका नाही. तुझं तोंड त्यांनी बंद केलं नव्हतं, मी केलं होतं. एका सहीनं मी तुझी जीभ ट्रंकेत घातली आणि तुझ्या काकूला पाण्यात बसवलं. तुला टोचायचं कारण नाही. टोचायचं ते मला टोचू दे, माझं कातडं जाड आहे.

हे स्थळ मला हवं होतं, हे लपवत नाही. मी साठीला आलो, माझ्यामागं तुला कोण, या विचारानं मी मान डोलवायला शिकलो आणि तुलाही शिकवायला निघालो. ते लोक अजून हो म्हणताहेत. कदाचित सातवं स्थळ येणारही नाही. म्हणून मी आपल्या मनानं नकार कळवणार नाही आणि होकार तर नाहीच नाही. या खेपेला तू बोल. एका ओळीत लिही, दहा ओळींत लिही, खाली बघून लिहू नको म्हणजे झालं.

काकूच्या तापाचं रोज कळव. तिच्याशिवाय घर नुसती कौलं आणि भिंती आहेत, हे तिला सांगू नको.

तुझा,
अण्णा

बोर्डी,
शुक्रवार, ता. २१ मे १९५४

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

काकूंचा ताप उतरला. कौलं आणि भिंतींचं मी त्यांना सांगितलं. त्या अजून लाजताहेत.

नाही. शाळा सोडणार नाही, आणि जिथं मी गप्प बसल्याचं कौतुक होतं तिथं जाणार नाही. सातवं आलं तर बोलेन, न आलं तर चौथीचा वर्ग आहेच.

एक मात्र करा. रावसाहेबांना पाऊणकी कळवा. माणसं वाईट नाहीत, बुडतील.

तुमची,
कुंदा

॥ श्री ॥

अंबरनाथ पूर्व,
रविवार, ता. २३ मे १९५४

रा. रा. रावसाहेब मोहिले यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं. आपण आमची मुलगी पसंत केलीत याबद्दल आभारी आहे, पण ज्या मुलीला आपण पसंत केलंत ती आमच्या घरी नाही. आमची मुलगी बोलते. त्या दिवशी ती गप्प होती ते वळण नव्हे, माझा मूर्खपणा होता. ज्या चार शब्दांना आपण मोठ्या मनानं माफी केलीत, त्यांनीच आपल्याला खुर्चीवरून उतरवलं. तिचा नकार आहे, आणि तो तिनं स्वतः लिहून कळवला आहे.

तिच्याच सांगण्यावरून एक रीत आपल्याला कळवतो. त्या दिवसाची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता भरती, त्याआधी सहा तास ओहोटी. आज वद्य षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. वाराचा संबंध नाही. कागदावर लिहून घड्याळाच्या झाकणात ठेवावं.

पुन्हा कधी तिथं खुर्च्या मांडाल तेव्हा हे उपयोगी पडेल. समोर बसलेल्या मुलीला ठाऊक असेलही, पण तिला कुणीतरी गप्प बसायला सांगून पाठवलेलं असेल.

राग नसावा, पायाखाली लक्ष असावं.

आपला,
दिनानाथ